शिकारीचे रान, राखणीचे रान

गंगाखेडहून गोदावरीकडे पाठ करून दक्षिणेस निघाले, की काळी सपाट जमीन हळूहळू उंचावू लागते, बांधांवर दगड दिसू लागतात आणि बालाघाटाच्या उघड्या टेकड्या समोर येतात. परभणी जिल्ह्यातील राणीसावरगाव हे याच मुलुखातले गाव. सावर म्हणजे काटेसावर. शिशिरात सारी पाने टाकून देऊन लाल फुलांनी भरून जाणारा वृक्ष. सावरगाव नावाची गावे मराठवाड्यात बरीच आहेत आणि ते नाव कानी पडले, की आम्हांला गावाआधी झाडच आठवते. येथे तर झाडाच्या जोडीला राणीही आहे. पण अशा नावाच्या गावच्या शिवारात उभे राहून सभोवार पाहिले, तर डोळ्यांत भरतो तो माळ. झाडे आहेत ती बांधावर, ओढ्याकाठी, देवळापाशी. ज्याला रान म्हणावे असे थोडेच.

महाराष्ट्रात सर्वांत कमी वनक्षेत्र असलेल्या प्रदेशांत मराठवाड्याची गणना होते. कमी पाऊस हे त्याचे एक कारण; पण ते एकच नव्हे. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत हा प्रदेश निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. संस्थानच्या जमिनीचे तीन मोठे वाटे होते: दिवाणी म्हणजे सरकारी मुलूख, सर्फ-ए-खास म्हणजे निजामाची स्वतःची मिळकत, आणि जागिरी. १९४९ मध्ये जागिरी रद्द झाल्या. शेतजमिनीप्रमाणेच रानाचाही धनी बदलला. आजही खेड्यापाड्यांत रान कुणाचे असे विचारले, तर सरकारचे, असे उत्तर मिळते. त्याआधी ते धन्याचे होते. ‘आमचे’ हा शब्द या दोन उत्तरांच्या मध्ये कोठे आलाच नाही.

हा शब्द का आला नाही आणि तो यायचा तर कसा येईल, हे शोधावे म्हणून आम्ही हा लेख लिहावयास घेतला आहे. एका धन्याच्या मालकीचे जुने रान, तो धनी गेल्यावर पशुपक्ष्यांसाठी व पाहुण्यांसाठी राखायचे असेल, तर ते कोणी राखायचे आणि त्याचा भार कोणी सोसायचा, असा आमचा प्रश्न आहे. त्याचे उत्तर राणीसावरगावच्या माळावर मिळत नाही. म्हणून ज्या दरबाराची सत्ता या माळावर चालत होती, त्या दरबाराच्या स्वतःच्या रानाकडे आधी जाऊ.

हैदराबाद शहराच्या वेशीवर निजामाचे शिकारीचे खाजगी रान होते. काळवीट हे तेथील मुख्य जनावर. संस्थान गेले, शहर वाढत गेले आणि विजयवाड्याच्या रस्त्याच्या दोन्ही अंगांना वस्ती उभी राहिली. तरीही ते रान टिकले, कारण १९७५ साली, भगवान महावीरांच्या निर्वाणास अडीच हजार वर्षे पूर्ण झाल्याच्या निमित्ताने, त्याचे महावीर हरिण वनस्थळी असे नामकरण करून ते हरणांसाठी राखून ठेवण्यात आले. शिकारीसाठी जोपासलेल्या रानाला अहिंसेचा उपदेश करणाऱ्या महापुरुषाचे नाव लाभावे, यातील विरोधाभास उघड आहे. तथापि आम्हांला त्याहून महत्त्वाची वाटते ती दुसरी गोष्ट. हरणे वाचली ती धन्याच्या छंदामुळे. छंदासाठी रान बंद होते, म्हणून ते उरले. आणि उरले, म्हणून पुढे राखता आले. जेथे धन्याला असा छंद नव्हता, तेथे राखण्याजोगे काही उरलेच नाही.

आपल्या महाराष्ट्रात याच कथेचे सर्वांत स्पष्ट रूप कोल्हापूर जिल्ह्यात, राधानगरी-दाजीपूर येथे पाहावयास मिळते. हे रान कोल्हापूरच्या छत्रपतींच्या शिकारीचे राखीव जंगल होते. १८९४ ते १९२२ या काळात गादीवर असलेले राजर्षी शाहू महाराज स्वतः निष्णात शिकारी होते. माणसाळविलेल्या चित्त्यांकरवी काळविटांची शिकार करण्याची परंपरा कोल्हापूर दरबारात होती आणि चित्ते सांभाळणारी चित्तेवान मंडळी दरबारच्या आश्रयास होती. पण काळविटे माळावरची. दाजीपूरच्या दाट रानात राज्य होते ते गव्याचे. पूर्ण वाढलेल्या नराचे वजन हजार किलोपर्यंत भरते. अंग काळेभोर, पण गुडघ्यांखाली पांढरे मोजे घातल्यासारखे पाय. साहेबांनी त्याला ‘बायसन’ म्हटले आणि ते नाव आपल्याकडे रूढ झाले. वस्तुतः गवा हा अमेरिकेच्या वा युरोपच्या बायसनहून वेगळा, आपल्या गाई-बैलांच्या अधिक जवळचा प्राणी आहे.

याच मुलुखात महाराजांनी भोगावती नदीवर मोठे धरण बांधण्याचे काम विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात हाती घेतले. आपल्या कन्येच्या, राधाबाईंच्या, नावाने त्यांनी राधानगरी वसविली. जलाशयास महाराणी लक्ष्मीबाईंचे नाव दिले. १९१८ च्या सुमारास पैशाअभावी काम थांबले, ते राजाराम महाराजांच्या कारकिर्दीत पुन्हा सुरू होऊन पुढे तडीस गेले. रानाच्या इतिहासात धरण कशास, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर असे, की डोंगरावरील झाडी आणि जलाशयातील पाणी या दोन वेगळ्या मिळकती नव्हेत. डोंगर उघडा पडला, की माती वाहून तळ्यात येते आणि तळे उथळ होते. वरच्या झाडीचा लाभ खाली ऊस पिकविणाऱ्या शेतकऱ्याला मिळतो, त्याने ते रान कधी पाहिलेले नसले तरी. रान हे केवळ हौसेचे ठिकाण नाही, याची खूण राधानगरीच्या भिंतीपाशी उभे राहिले, की पटते.

१ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि रानाचा धनी बदलला. अशा वेळी जंगलाच्या वाट्याला बहुधा कुऱ्हाड येते. दाजीपूरच्या सुदैवाने १९५८ मध्ये त्याला गव्यांचे अभयारण्य म्हणून घोषित करण्यात आले. आजच्या महाराष्ट्रातील हे पहिले अभयारण्य. १९८५ मध्ये त्याची हद्द वाढवून क्षेत्र ३५१.१६ चौरस किलोमीटर करण्यात आले आणि त्यास राधानगरी वन्यजीव अभयारण्य हे नाव मिळाले. २०१२ साली युनेस्कोने पश्चिम घाटातील ३९ स्थळांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. त्यांत महाराष्ट्रातील कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी ही चार आहेत. एका राजघराण्याची मृगयाभूमी पाऊणशे वर्षांच्या आत साऱ्या जगाचा ठेवा ठरली.

परंतु पाटी बदलल्याने रान सावरत नाही. शिकारीचे रान आणि राखणीचे रान यांत कामाचा फरक आहे आणि तो समजून घेतला पाहिजे.

शिकारीसाठी रान राखणाऱ्याला एकच हवे असते: जनावर भरपूर असावे. राखणीच्या कामात मात्र गवत, पाणी, आग, रोग आणि माणूस या पाचांचा एकत्र विचार करावा लागतो. गवा हा चरणारा प्राणी आहे. नुसत्या दाट झाडीवर त्याचे भागत नाही. त्याला मोकळे गवत हवे. राधानगरीच्या डोंगरमाथ्यांवर जांभ्या दगडाचे सपाट सडे आहेत. उन्हाळ्यात ते भाजून निघतात, पाहणाऱ्याला ओसाड वाटतात. पावसाळ्यात त्याच सड्यांवर सीतेची आसवे, गेंद, कवला फुलतात आणि गवत उगवते. हीच पठारे बॉक्साइटची. या तालुक्यातील काही पठारांवर खाणकाम झाले, तेव्हा केवळ दगड निघाला असे नव्हे. गव्याचे ताटही उचलले गेले. ओसाड दिसणारी जागा रिकामी समजू नये, हा धडा सड्यांपासून घ्यावा. राणीसावरगावच्या माळालाही तो लागू आहे.

दुसरे काम आगीचे. फाल्गुन-चैत्रात वाळलेले गवत एका ठिणगीने पेटते. म्हणून उन्हाळ्यापूर्वीच ठराविक पट्टे साफ करून जाळरेषा काढाव्या लागतात. तिसरे काम परक्या झुडपांचे. घाणेरी आणि रानमोडी ही दोन्ही अमेरिकेकडून आलेली झुडपे मोकळी जागा दिसली, की पसरतात. जनावरे त्यांना तोंड लावीत नाहीत आणि त्यांच्याखाली गवत येत नाही. ती मुळासकट काढून तेथे स्थानिक गवत पुन्हा येऊ देणे हे काम कष्टाचे आणि वर्षानुवर्षे चालणारे आहे. याउलट एका दिवसात हजार रोपे लावून छायाचित्र काढणे सोपे! ऑस्ट्रेलियन बाभळीच्या रांगा उभ्या केल्या, म्हणजे वनीकरणाचा आकडा भरतो. रान भरत नाही.

चौथे काम रोगाचे. बुळकांडी हा गुरांचा प्राणघातक रोग गावच्या जनावरांकडून गव्यांत शिरत असे आणि दक्षिण भारतातील काही जंगलांत गव्यांचे कळप त्याने उद्ध्वस्त केले होते. गावोगावच्या गुरांना लस टोचूनच हा रोग हटला. १९९५ नंतर भारतात त्याची लागण आढळली नाही आणि २०११ साली तो जगातून नाहीसा झाल्याची घोषणा झाली. म्हणजे गव्याला वाचविण्याचा एक मार्ग शेतकऱ्याच्या गोठ्यातून जात होता. गावाला वेगळे काढून रान राखता येत नाही, याचा याहून मोठा पुरावा कोणता?

आणि हे सारे करायचे, तर पूर्वी काय होते त्याची नोंद हवी. मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजातील जेझुइट धर्मगुरू फादर हर्मेनेगिल्ड संतापाव यांचे स्मरण येथे होते. स्पेनमध्ये जन्मलेले हे वनस्पतिशास्त्रज्ञ खंडाळ्याचे डोंगर वर्षानुवर्षे पायी तुडवीत राहिले. १९५३ साली त्यांनी खंडाळ्याच्या वनस्पतींची सविस्तर नोंद प्रसिद्ध केली आणि पुढे पुरंदरचीही केली. भारतीय वनस्पती सर्वेक्षण विभागाचे ते संचालक झाले. अशी यादी हाती असली, तरच त्या जागी काय हरवले ते सांगता येते. नाहीतर आपण आपल्या आठवणीतले रान परत आणू पाहतो आणि आपली आठवण फार तोकडी असते.

आता पाहुण्यांविषयी. राखलेल्या रानाला पाहणारे हवेत, कारण ज्याने रान पाहिले नाही तो त्याच्यासाठी बोलत नाही. पण पाहणारे फार झाले, तर रानच उरत नाही. राधानगरीत पावसाळ्यात अभयारण्य बंद ठेवले जाते आणि इतर वेळी वाटाड्या घेऊन ठरलेल्या वाटेने जावे लागते. हे योग्यच आहे. मात्र बंदी आणि कुंपण हे प्रत्येक दुखण्यावरचे औषध नव्हे. साताऱ्याजवळच्या कास पठारावर गर्दी आवरण्यासाठी जाळीचे कुंपण घातले गेले आणि गुरांचे चरणे थांबले. काही वर्षांनी फुले कमी होऊ लागल्याची, गवत माजल्याची तक्रार स्थानिक लोकांनीच केली आणि अखेर ते कुंपण काढावे लागले. गुराख्याला हाकलून रान सुधारते, ही समजूत शिकारखान्याच्या काळातली आहे.

इथे मूळ प्रश्नाला हात घातला पाहिजे. शिकारीचे रान बंद असे, तेव्हा त्याची किंमत कोण मोजत होते? ज्याची गुरे आत गेली म्हणून दंड होई, ज्याच्या पिकात रानडुक्कर शिरले तरी हात उचलण्याची मुभा नसे, तो गावकरी. अभयारण्य झाल्यावर शिकार थांबली, पण गावकऱ्याचा भार हलका झाला असे म्हणता येत नाही. उसाच्या फडात गवा शिरतो, भात तुडवितो; नुकसानभरपाईची तरतूद आहे, पण अर्ज, पंचनामा आणि खेटे यांत हंगाम निघून जातो, ही शेतकऱ्याची तक्रार सार्वत्रिक आहे. रानाचे कौतुक शहरात होते आणि त्याचा खर्च डोंगरावरच्या धनगरवाड्यात मांडला जातो. हा हिशेब चुकीचा आहे, असे आम्हांला स्पष्ट म्हणावेसे वाटते.

सगळेच खाजगी रान राजांचे नव्हते, हेही ध्यानात घेतले पाहिजे. कोकणात, विशेषतः रत्नागिरी जिल्ह्यात, सरकारी जंगल नाममात्र. बहुतेक झाडी शेतकऱ्यांच्या मालकीची. १९७५ च्या खाजगी वने संपादन कायद्याने महाराष्ट्रातील खाजगी वने ३० ऑगस्ट १९७५ पासून सरकारजमा केली. पन्नासच्या दशकात निघालेल्या जुन्या नोटिसांचा आधार घेऊन पुढे अनेक जमिनींवर वन म्हणून नोंदी चढल्या. विक्रोळीच्या अशाच एका जमिनीचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आणि ३० जानेवारी २०१४ च्या निकालाने, मालकावर न बजावलेल्या जुन्या नोटिशीवरून जमीन वन ठरत नाही, असे स्पष्ट झाले. कायद्याचा हेतू चांगला होता. पण झाडे वाढली तर जमीन जाईल, या भीतीने मालक झाडे वाढूच देत नाही, असा उलटा परिणामही अशा कायद्यांचा होतो.

संगमेश्वर तालुक्यात यावर वेगळा उपाय योजिला गेला. पुण्याच्या एका पर्यावरण-संशोधन संस्थेने रानमालक शेतकऱ्यांशी करार केले: झाडे तोडू नका, त्याबद्दल मोबदला घ्या. तेथील बेहड्याच्या जुन्या वृक्षांच्या ढोलीत धनेश घरटे करतो. तोडून जळणासाठी विकला, तर बेहडा एकदाच पैसे देतो. त्याची फळे औषधासाठी योग्य भावाने विकली, तर दरवर्षी देतो. ही फळे जाणकार खरेदीदारांमार्फत विलायतेपर्यंत पोहोचली. मालकाची मालकी कायम, धनेशाची ढोली कायम, आणि घरात चार पैसे. राजाचा छंद नाही, सरकारची सक्ती नाही. तरी रान उभे आहे.

याच्याही पुढे गेले ते गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) हे गोंड आदिवासींचे गाव. तेथील जंगल पूर्वी जमीनदारीचे. जमीनदारी गेली, तसे ते सरकारचे झाले. म्हणजे राणीसावरगावच्या मुलुखात जे घडले तेच. पण मेंढ्याच्या ग्रामसभेने वर्षानुवर्षे एकत्र बसून, एकमताने निर्णय घेऊन जंगल सांभाळले आणि २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळविला. २०११ साली तेथील बांबू गावाच्या स्वतःच्या वाहतूक परवान्याने विकला गेला. धन्याचे, सरकारचे आणि मग आमचे, अशा तीन पायऱ्या त्या गावाने साठ वर्षांत चढल्या.

युरोपातही हा प्रवास झाला आहे. पोलंडच्या सीमेवरील बिआलोविएझा हे राजांच्या व पुढे रशियन झारांच्या शिकारीचे अरण्य. पहिल्या महायुद्धात धनी परागंदा झाले, रानाला राखणदार उरला नाही आणि थोड्याच काळात तेथील शेवटचा रानटी बायसन मारला गेला. पुढे प्राणिसंग्रहालयांत उरलेल्या मूठभर जनावरांपासून पैदास करून १९५२ मध्ये बायसन पुन्हा त्या रानात सोडण्यात आले. धन्याच्या एकट्याच्या जिवावर उभे असलेले रान धन्यासोबत जाते, आणि परत आणायला एक पिढी खर्ची पडते.

राणीसावरगावच्या माळावर आता परत येऊ. येथे गवा नाही, बेहड्याची राई नाही, मेंढ्याएवढे जंगलही नाही. पण गावोगाव गायरान आहे, ओढे आहेत, देवळापाशी राखलेली चार जुनी झाडे आहेत. मराठवाड्याचा माळ हा गवताचा प्रदेश. त्यावर दाट झाडी लादण्यापेक्षा गायरानाचा एखादा तुकडा पाळीपाळीने दोन-तीन पावसाळे बंद ठेवला, तर गवत आपोआप सावरते, गवताबरोबर तितर येतात, ससे येतात आणि बांधावरची सावर आपले बी वाऱ्यावर सोडून देते. कोणता तुकडा, किती दिवस, चारा कुणाला आणि किती, हे ग्रामसभेने सर्वांसमोर ठरवावे. ज्याच्याकडे जमीन नाही आणि दोनच शेळ्या आहेत त्याला आधी विचारून ठरवावे. कारण बंदीचा चटका प्रथम त्यालाच बसतो.

गावातील वृद्धांना कोणती झाडे, कोणते गवत, कोणते पक्षी आठवतात, त्याची एक वही शाळेतील मुलांनी करावी, असेही आम्ही सुचवू. खर्च एका वहीचा. जागीरदाराच्या दप्तरात आणि सरकारच्या नोंदवहीत हे रान अनेक वेळा लिहिले गेले असेल. गावाने स्वतःच्या हाताने ते एकदा लिहावे. ‘आमचे’ हा शब्द त्या वहीच्या पहिल्या पानावर घालता येईल.